अर्धा मग

मीटरकाकांनी निचऱ्याची दांडी ओढली आणि जाड पाइपातून चहाच्या कपाएवढं तपकिरी पाणी जमिनीतल्या भोकात पडलं. तेवढंच. गाडीत भिंतीवर संडासाच्या टाकीचे चारपैकी तीन दिवे लागलेले होते. म्हणजे टाकी जवळजवळ भरलेली, आणि बाहेर मात्र काही येत नव्हतं. काकांनी दांडी आत ढकलली, पुन्हा ओढली, गाडीच्या चाकाला एक लाथ घातली, बोट दुखावून घेतलं आणि फोन काढून जावयाला लावला.

“जावईबापू, काय करून ठेवलंत?”

पलीकडून जावई झोपेत काहीतरी बोलला. सकाळचे सात वाजले होते.

“ते मला माहीत नाही. टाकी तुंबलीय. उद्या सकाळी निघायचंय आणि टाकी तुंबलीय. तुम्ही आठ दिवस गाडी उडवलीत ना? मग आता या इथं आणि उपसा. नालायकपणाला काही मर्यादा असते.”

फोन ठेवल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. राग कुणाच्या तरी पदरात टाकला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

मीटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठ्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर तपासण्यात आणि गळती शोधण्यात. भिंतीला कान लावून पाणी कुठं झिरपतंय ते सांगायचे. नोकरी संपली, पण कान तसेच राहिले. घरात कुणी नळ सोडला की काका बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, “झालं का?” लेकीच्या मैत्रिणींनी त्यांना मीटरकाका म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच तेच नाव उचललं. काकांना त्याचा अभिमान होता. पाणी वाया घालवणारा माणूस हा त्यांच्या लेखी माणूसच नव्हता.

आणि गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे, फिरतं घर. लांबलचक, जुनी, पण आत पलंग, शेगडी, मोरी, आणि मुख्य म्हणजे संडास. ती घेतलीच होती त्या संडासासाठी. तीन वर्षांपूर्वी काकूंच्या मूत्राशयाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांना दर अर्ध्या तासाला जावं लागे. बस नको, आगगाडी नको, कुणाचं लग्न नको, बारसं नको. काकूंचं जग घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घराकडे पळत येण्यापर्यंत उरलं होतं. शेवटी सहा महिन्यांपूर्वी काकांनी ही गाडी आणून दारात उभी केली आणि म्हणाले, “चल, आता कुठं जायचं ते सांग.” त्या दिवशी काकू रडल्या होत्या, आणि काका चांगले वागू शकतात याचा तो पुरावा म्हणून काका तो प्रसंग पुढे अनेकदा सांगत.

आता खरं जायचं ठिकाण आलं होतं. काकूंची ताई दोन दिवसांच्या रस्त्यावर राहायची आणि तिचे शेवटचे दिवस चालू होते. भाच्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “मावशी, या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत.” आईविना वाढलेल्या काकूंची वेणी या ताईनं घातली होती, पहिली साडी हिनं नेसवली होती. उद्या पहाटे निघायचं ठरलं. आणि आज ही टाकी.

निचऱ्याचं ठाणं शहराबाहेर होतं, पेट्रोल पंपाच्या मागे. उतार दिलेला सिमेंटचा चौक, मध्ये लोखंडी झाकणाचं भोक, त्याच्याशेजारी लाल मुठीचा नळ, घाण धुण्यासाठीचा. पिण्याच्या पाण्याचा नळ मुद्दाम लांब, पार कुंपणाजवळ. एवढी अक्कल ठेवून बांधलेली जागा आहे, असं काकांचं मत होतं, आणि असं मत ते फार कमी जागांबद्दल देत. काकू गाडीच्या दारात पायरीवर बसल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत ताईसाठी विणलेली शाल.

“होईल ना हो?” त्यांनी विचारलं.

“न व्हायला काय झालं? पण करून ठेवलंय बघ त्यानं. दांडी उघडी ठेवून बसला असणार आठ दिवस. पाणी पाणी निघून जातं आणि बाकीचं राहतं मागं, सुकत. सांगितलं होतं मी. शंभरदा सांगितलं होतं.”

काकू उठल्या आणि पेट्रोल पंपाच्या संडासाकडे झपझप चालू लागल्या.

जावई आला तो लेकीला घेऊनच. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, स्वभावानं शांत. दिवसभर अडकलेल्या लोकांच्या आरडाओरड्याची सवय असल्यामुळे असेल. पण आज त्याच्याही कपाळाला आठी होती.

“बाबा, मी दांडी एकदाही उघडी ठेवली नाही,” तो उतरता उतरताच म्हणाला. “टाकी भरत आली की रिकामी करायचो, मग बंद. आणि सकाळी सात वाजता मला नालायक म्हणायचं कारण नव्हतं.”

“मग हे आपोआप झालं?”

“ते मला माहीत नाही. पण उपाय आणलाय.” त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक संडास घासायचं ॲसिड, दुसरी ब्लीच. “दोन्ही ओतू. तासाभरात सगळं विरघळेल.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी झडप घालून दोन्ही बाटल्या ओढून घेतल्या, एक डाव्या हातात, एक उजव्या, आणि हात असे लांब धरले की जणू त्या एकमेकींना चावतील.

“एकत्र? त्या एवढ्याशा संडासात, दार लावून? अहो, क्लोरीन निघतो यातून. चौतीस वर्षं मी त्या वासाशेजारी काढलीत. आमचा एक माणूस टाकीवरून उचलून न्यावा लागला होता, तोंडाला फेस आलेला. तुम्ही लिफ्टमध्येसुद्धा असंच करता का, दिसेल ती वायर दिसेल त्या वायरीला?”

जावयाचा चेहरा पडला. या बाबतीत काका शंभर टक्के बरोबर होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ते आणखी पाच मिनिटं सांगितलं. लेक मध्ये पडली, “बाबा, कळलं त्याला,” तर तिलाही त्यातलं थोडं मिळालं.

आवाज ऐकून ठाण्यावरची बाई बाहेर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकललेला. रोज पंचवीस-तीस गाड्यांची घाण बघणाऱ्या माणसाला कुणाच्या आवाजाचं काही वाटत नाही. तिनं काकांच्या हातातल्या बाटल्या बघितल्या, आणि पहिल्यांदा त्या काढून घेऊन दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवल्या. मग चष्मा डोळ्यांवर ओढून विजेरी घेऊन गाडीत शिरली, कमोडच्या तळाचं झाकण उघडून खाली प्रकाश पाडला आणि बराच वेळ बघत राहिली.

“ढीग आहे,” ती बाहेर येऊन म्हणाली. “बरोबर पाइपाखाली, भांड्याच्या सरळ रेषेत. वारुळासारखा. टोक वर टेकायला आलंय. दिवे त्या घाणीमुळेच लागलेत, पाणी आत फारसं नाहीच. एका वेळेला किती पाणी ओतता?”

“अर्धा मग,” काका म्हणाले.

बाईनं चष्मा डोळ्यांवरून पुन्हा कपाळावर ढकलला. “किती?”

काका स्वतः आत जाऊन मग घेऊन आले. निळा मग, मध्यावर लाल रंगाची रेघ. रेघ त्यांनी स्वतः ओढली होती, पट्टी लावून. कमोडला पाय दाबला की पाणी सुटायची सोय होती, पण तिचा कॉक काकांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता, कारण पाय दाबून ठेवला की माणसाला भान राहत नाही. त्याऐवजी हा मग. भांड्याच्या वर त्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठीही होती, ‘फक्त अर्धा मग.’ सहा महिन्यांत गाडीचं पाणी वाटेत एकदाही संपलं नव्हतं, हे त्यांनी बाईला सांगितलं.

“आणि रिकामी कधी करता?”

“रोज. घाण साठू द्यायची नाही.”

“काका,” बाई म्हणाली, “मग ही तुमचीच करणी आहे. त्या साहेबांची नाही.”

काका हसले. रागात माणूस हसतो तसे.

“घाण वाहते ती पाण्यावर,” बाई म्हणाली. “पाणी नसेल तर पडते तिथं बसते. टाकी रिकामी केली की आधी बादलीभर पाणी तळाला ठेवायचं, कोरडी सोडायचीच नाही. दर वेळेला भांडं भरून ओतायचं. आणि दोन तृतीयांश भरल्याशिवाय दांडी ओढायची नाही, कारण मागून जोर लागतो ढकलायला. तुम्ही रोज वरचं पाणी तेवढं काढून नेलंत आणि ढीग ठेवलात.”

“मला पाण्याचं शिकवू नका,” काकांचा आवाज चढला. “अख्ख्या शहराला पाणी दिलंय मी. तुमच्यासारखे लोक नळ सोडून देतात म्हणून उन्हाळ्यात लोक बादल्या घेऊन उभे राहतात. आठ दिवस यांनी गाडी वापरली त्याचं काय? सहा महिने काही झालं नाही आणि यांच्या हातात गेली की—”

“तुम्ही हा मग वापरला होतात का?” बाईनं जावयाला विचारलं.

“नाही,” जावई म्हणाला. “आम्ही कॉक उघडला होता. परत देताना बंद केला. बाबा ओरडतील म्हणून.”

“म्हणून तर अजून कपभर तरी येतंय,” बाई म्हणाली.

काकांनी तोंड उघडलं. जावयाची चूक अजून कुठंतरी सापडेल, दांडीत, पाइपात, रस्त्याच्या खड्ड्यांत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि तेवढ्यात पायरीवरून काकू म्हणाल्या, “अर्धाही नाही.”

आवाज नेहमीचाच होता, भाजीला मीठ कमी पडलं म्हणून सांगावं तसा. सगळे वळले.

“अर्धा मगही नाही ओतत मी. मग भरायला नळ सोडला की पंप घुरघुरतो. किती वेळ घुरघुरला त्यावरून हे बाहेर बसून ओळखतात. जास्त झाला की दारावर टकटक. ‘किती घेतलंस?’ मला दिवसाला तीस वेळा जावं लागतं. तीस वेळा टकटक. मग मी नळच सोडत नव्हते. सकाळी बाटलीत थोडं भरून ठेवायचे आणि दिवसभर तेच पुरवायचे, घोट घोट.”

“अगं, मी काय तुला—” काका म्हणाले.

“मला बोलू द्या.” काकूंनी पिशवी बाजूला ठेवली. “मागच्या महिन्यात तीन दिवस फिरायला गेलो. तिसऱ्या दिवशी मी पाणी पिणंच सोडलं. प्यायलंच नाही तर जायला लागणार नाही, आणि गेलंच नाही तर ओतायला लागणार नाही. परत आलो आणि ताप चढला. तुम्हाला सांगितलं, सर्दी आहे. सर्दी नव्हती. जंतुसंसर्ग झाला होता. त्याच्या आधीच्या फेरीतही झाला होता. डॉक्टर विचारत होते, पाणी पिता ना भरपूर? मी हो म्हटलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, डॉक्टरसमोर शाळेतल्या पोरीसारखी खोटं बोलले.”

काकांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं नजर चुकवली नाही.

“गोळ्या माझ्या पर्समध्ये असायच्या,” ती म्हणाली. “मी सांगणार होते. ती नको म्हणाली.”

“मला का नाही सांगितलं कुणी?”

“तुम्हाला?” काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि उठून पुन्हा पंपाच्या संडासाकडे निघाल्या. या वेळी झपझप नव्हे, सावकाश.

मग काम सुरू झालं, कारण कुणाला काही वाटलं तरी ढीग काही विरघळणार नव्हता. बाईनं सगळ्यांना हातमोजे आणि चष्मे दिले. दांडी बंद केली. लाल मुठीच्या नळाचा पाइप घेऊन टाकी पाऊण भरली, कोमट पाणी, साबण घालून. “उकळतं नको, नळ्या मऊ पडून वाकतात,” ती म्हणाली. “आणि पाणी चालू असताना कुणी हलायचं नाही. दांडी बंद आणि पाणी चालू ठेवून माणूस चहाला गेला की टाकी फुगते, मग सगळं वर येतं, छतापर्यंत. मी धुतलंय ते, मला माहीत आहे.” काका पाइपाकडे बघत उभे राहिले. लिटर मोजायची चौतीस वर्षांची सवय होती. दीडशे लिटर. त्यांनी ओठ मिटून घेतले.

“आता हिला हलवा,” बाई म्हणाली. “चौकात फेऱ्या मारा. त्या उंचवट्यांवरून न्या, हळू, म्हणजे आत पाणी आपटेल.”

काका गाडीत एकटेच बसले. चौकाला फेरी, उंचवटा, मागे ढवळल्याचा आवाज, पुन्हा फेरी. राग गेला नव्हता, त्याला फक्त जागा उरली नव्हती. जावयावर काढावा तर जावई निर्दोष. बाईवर काढावा तर बाई बरोबर. पंधराव्या फेरीला त्यांच्या मनात आलं की आपण बायकोवर रागावलो आहोत. तिनं सांगायला हवं होतं, आपण काय राक्षस आहोत? आणि विसाव्या फेरीला आठवलं की टकटक करताना आपण उत्तराची वाट बघायचो. उत्तर आल्याशिवाय दारापासून हलायचो नाही. तिथून पुढे त्यांनी फेऱ्या मोजल्या नाहीत.

चार तास टाकी भिजत ठेवली. दुपारी बाईनं काकांना कमोडमधून आत जाणारी लांब, वाकड्या तोंडाची नळी दिली आणि काका गुडघ्यांवर बसले. चष्म्यावर शिंतोडे, पाठीतून कळा, वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. जावई म्हणाला, “बाबा, द्या माझ्याकडे.” काकांनी मान हलवली. नळीच्या जोरदार धारेनं ते ढीग फोडत राहिले. शेवटी खाली काहीतरी ढासळल्याचा जड आवाज आला आणि बाई बाहेरून ओरडली, “सोडा दांडी.”

आलं ते सगळं आलं. पाइपाला मध्ये एक पारदर्शक तुकडा होता, त्यातून दिसत होतं. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. चार वेळा. पाचव्यांदा त्या तुकड्यातून स्वच्छ पाणी गेलं. मग मोरीच्या टाकीचं साबणाचं पाणी सोडून पाइप आतून धुऊन काढला, आणि बाईनं रिकाम्या टाकीत बादलीभर पाणी ओतायला लावलं. साडेसातशे लिटर एका दिवसात. काकांनी आत जाऊन कॉक पूर्ण उघडला, चिठ्ठी फाडली, आणि बाहेर येऊन सगळ्यांकडे बघितलं. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटत होतं.

“झालं बघ,” ते काकूंना म्हणाले. “पाच वाजता निघू पहाटे.”

“निघू,” काकू म्हणाल्या. “जावईबापू चालवतील. सकाळीच विचारलं मी त्यांना, तुम्ही फेऱ्या मारत होता तेव्हा. लेक येईल सोबत. तुम्ही घरी थांबा.”

“म्हणजे? मी तिला भेटायला नको? माझी गाडी आहे ती.”

“तुमचीच आहे. पण दोन दिवसांचा रस्ता आहे, आणि ताईसमोर मला धडधाकट उभं राहायचंय. ताप घेऊन नाही.”

“अगं, मी एक शब्द बोलणार नाही. शपथ घेऊन सांगतो. दारापाशी फिरकणारसुद्धा नाही.”

“तुम्ही बोलत नसता ना, तेव्हाही मला ऐकू येतं,” काकू म्हणाल्या. “कान देऊन बसलेले असता, ते ऐकू येतं. तेवढ्यानंच माझं अडतं. मला एकदा तरी दार लावल्यावर आत एकटीला राहायचंय.”

काकांना सांगायचं होतं की टाकी त्यांनी उपसली, गुडघे त्यांचे सुजले, ढीग त्यांनी फोडला. सगळं खरं होतं. पण बायकोच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी एकतीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे असेलही, पण त्यांनी पाहिलं नव्हतं. ती चिडली होती. नुसती आजची नव्हे. जावयानं हातमोजे काढून बादलीत टाकले आणि शांतपणे म्हणाला, “काळजी घेऊ आम्ही.” त्याची माफी मागायची राहिली होती. ती तशीच राहिली.

पहाटे गाडी गेली. काकांनी दोन दिवस घरात काढले. टीव्ही लावला नाही. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडून ठेवला होता तो भिंतीतून ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते उठून गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. पोचलो, मावशी जागी आहे, आईला ओळखलं, दोघी हात धरून बसल्यात. काका म्हणाले, “तिला दे.”

बराच वेळ नुसता खुर्ची सरकल्याचा, पावलांचा आवाज. मग काकू.

“ताप नाही ना?” काकांनी विचारलं.

“नाही. वाटेत पाच बाटल्या पाणी प्याले. आणि दर वेळेला भांडं भरून ओतलं, काठोकाठ. इथंही ओतणार आहे, परत येतानाही ओतणार आहे.”

काका घाईघाईनं म्हणाले, “ओत. हवं तेवढं ओत.”

“तुम्हाला विचारत नव्हते,” काकू म्हणाल्या, आणि फोन लेकीकडे दिला.